लग्न नव्हतं म्हणून पुसलेली भिंत

अन्याय झाला तो डहाणूच्या केंद्रावरच्या आमच्या चित्रकलेच्या सरांवर. कधी झाला तेही नेमकं लिहिते, म्हणजे उद्या कोणी ‘तसं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. विद्यापीठाची मूल्यमापन समिती आली त्या गुरुवारी, चहा संपल्यावर आणि जेवणाआधी, तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, भिंत अजून ओली असताना.

सरांचं नाव इथे येणार नाही. तशी त्यांची ताकीद आहे. “नाव छापलंत तर पत्रक लाल पेनाने तपासून परत पाठवीन,” म्हणाले, आणि हा माणूस खरंच पाठवतो. माझ्याकडे तशी तीन-चार आहेत.

पण तुम्ही त्यांना पाहिलं असेल. डहाणूच्या बाजारात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस चिकूच्या पाटीसमोर उभा राहून चिकू न घेता नुसता बघतोय, आणि चिकूवाली म्हणतेय, “सर, घ्या तरी, नाहीतर उजेड तरी सोडा,” तर ते आमचे सर. हातात कुठलाही कागद आला की आधी उलटा धरायचे. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, हॉटेलातलं मेन्यूकार्ड असो. हात लांब, एक डोळा बारीक.

आमची ओळख त्यावरूनच झाली. मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. विषय वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचा होता, मजकूर माझा होता, आणि मला तो जबरदस्त वाटत होता. सरांनी पत्रक घेतलं आणि उलटं धरलं.

“सर, सुलटं धरा ना,” मी म्हटलं.

“सुलटं धरलं की माणूस वाचायला लागतो. मला बघायचंय.” बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “सगळं डावीकडे कोसळलंय. आणि ही उद्गारचिन्हं किती? एक ठेवा. बाकीची समुद्रात सोडा.”

मी भडकले. समुद्र वाचवायला निघालेल्या माणसाला समुद्रात कचरा टाकायला सांगता, असं काहीतरी बोलले. त्यावर ते पहिल्यांदा हसले. तेव्हापासून मी कुठेही दिसले की लांबूनच हाक यायची, “काय पत्रकवाल्या ताई, आज कोणाचा धिक्कार?”

सरांच्या वर्गात ‘सुंदर’ म्हणायला बंदी होती. जो म्हणेल त्याने सगळ्या वर्गाचे ब्रश धुवायचे. “सुंदर म्हणून पळून जाऊ नकोस. काय दिसलं ते सांग.” एवढाच नियम, पण त्यात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कोणाला सूट नव्हती. मी एकदा पाहुणी म्हणून गेले, एका मुलीने काढलेल्या होडीला सुंदर म्हणाले, आणि ब्रश धुतले. पाहुण्यांना साबण मिळतो एवढाच मान.

आमच्या एका मोर्चाला मी त्यांना बोलावलं होतं. फलक घेऊन या म्हटलं. वाढवणच्या रस्त्यावर आम्ही घसा फोडून घोषणा देतोय आणि सर एक फलक घेऊन उभे. त्यावर एक अक्षर नाही. नुसता मासा. पण काय मासा! प्रत्येक खवला जागेवर, डोळा ओला. मी म्हटलं, “सर, घोषणा कुठाय?” तेवढ्यात मागच्या मासेवाल्या बायका पुढे सरकल्या. एक म्हणाली सरंगा आहे, दुसरी म्हणाली डोळे गेले का तुझे, हलवा आहे. तिसरी दोघींची अक्कल काढायला लागली. पुढचा मोर्चा वळणावरून निघून गेला आणि मागचा अर्धा मोर्चा माशाभोवती भांडत उभा. “हे बघा,” सर मला म्हणाले, “तुमच्या घोषणेपाशी कोणी थांबलं का?” मी त्यांच्याशी नंतर आठवडाभर बोलले नाही. मासा मात्र बरोबर होता. सरंगाच होता.

सर संत नव्हते, हेही लिहायला हवं. खडू नखाएवढा होईपर्यंत टाकू द्यायचे नाहीत. स्कूटर इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जाऊन मागे वळत आणि विचारत, “सर, बंद पडली का?” कोणाच्या चित्रावर चिडले तर त्या मुलाशी बोलतच नसत, चित्राशी बोलत. “तुझी काही चूक नाही बाबा. काढणाऱ्याला घाई होती.” पोरं म्हणायची, त्यापेक्षा दोन शिव्या द्या.

आता केंद्राचं सांगते, कारण भांडण त्याचंच आहे. शाळांसाठी चित्रकलेचे शिक्षक तयार करणारा विद्यापीठाचा अभ्यासक्रम. मुख्य ठिकाण लांब शहरात. डहाणूत त्याचं एक केंद्र, जुन्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत. शिकणाऱ्यांनी पाठ घ्यायचे ते तलासरीकडच्या आश्रमशाळेत. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर आमच्याकडच्या बहुतेक शाळांत चित्रकलेचा तास पीटीचे सर घेतात. ते फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मध्ये सूर्य, खाली नारळ, आणि बाहेर फोनवर बोलायला जातात. ज्या पोरांना रोज दारातून महालक्ष्मीचा सुळका दिसतो, तीही मुकाट त्रिकोण काढतात. सरांना या त्रिकोणांचा मनापासून राग होता. त्यासाठी त्यांनी ते केंद्र भांडून आणलं होतं आणि दर वर्षी नव्याने भांडून टिकवलं होतं.

त्या केंद्रावर सगळ्यात जास्त डोळा कोणाचा असेल, तर जशोदाचा. ती आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या लखमीकाकीची नात. बारावी झालेली. चुलीतला कोळसा घेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीवर म्हशी काढायची. टाकी पुसायची शिक्षा झाली, तेव्हा सरांनी आधी म्हशी बघून घेतल्या आणि मग पुसू दिल्या. तिला या वर्षी केंद्रात नाव घालायचं होतं. बाप शहरात पाठवायला तयार नव्हता. “पोर सांजंला घरात दिसली पायजे,” एवढीच त्याची अट. डहाणू त्या अटीत बसत होतं. म्हणजे केंद्र राहिलं तर जशोदा शिक्षक होणार, नाही राहिलं तर पहाटे कंपनीच्या गाडीत बसून सीमेपलीकडे गुजरातेतल्या कारखान्यात डबे भरायला जाणार. केंद्र ठेवायचं की नाही हे ठरवायला समिती येणार होती. बाकीचे कागद सोडा, ठरायचं होतं ते हे.

अजून एक गोष्ट, जी डहाणूत सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी बोलत नाही. सर स्वतः वारली. तलासरी तालुक्यातल्याच उधव्याच्या एका पाड्यावरचे. आणि याच सरांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात वारली चित्र काढायला मनाई केली होती. मला हे कळलं तेव्हा मी तावातावाने गेले. आपलीच कला आपल्याच माणसाने बंद करायची? मजकूर डोक्यात तयार होता.

सर म्हणाले, “मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय. पाहुणा आला की पोरांना रांगेत बसवायचं आणि गोल नाच काढून घ्यायचा. पाहुणा टाळ्या वाजवतो, फोटो काढतो, जातो. मग ते पोरगं स्वतःच्या मनाने काय काढतं, ते बघायला कोणी थांबत नाही. मला थांबणारे मास्तर हवेत.”

“मग ते शिकवणारच नाही?”

“दुसऱ्या वर्षी. लखमीकाकी शिकवते. तिच्या घरी, तिला वेळ असेल तेव्हा, आणि ती म्हणेल तेवढंच.”

माझा मजकूर तिथेच मेला.

समितीचं पत्र आलं तेव्हा त्यात होतं की समाजाच्या एका प्रतिनिधीशीही चर्चा होईल. सरांनी मला फोन केला. “पत्रकवाल्या ताई, गुरुवारी सकाळी लवकर या. तुम्ही समाज आहात.”

“काय बोलायचं?”

“विचारलं तर बोला. तोवर समाजाने गप्प बसायचं असतं.”

मी नवीन ड्रेस घातला आणि भल्या सकाळच्या जीपने आश्रमशाळेत पोचले. आणि जे व्हायला नको होतं ते तोवर होऊन बसलं होतं.

दुसऱ्या वर्षाला हर्षाली म्हणून एक मुलगी होती. काकीला त्या वर्षी सवड झाली नव्हती, म्हणून तिच्याकडचं शिकणं अजून व्हायचं होतं. झाईची, मच्छीमाराची पोर. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा, आणि सगळ्यात कमी धीरही तिचाच. समिती काय काय तपासणार ते तिने वाचलं होतं. त्यात ‘स्थानिक कलेशी सांगड’ असं एक कलम होतं. सरांचा हट्ट तिला ठाऊक. या कलमात आपला भोपळा आणि भोपळ्यापायी केंद्र जाणार, या भीतीने तिने आदल्या दिवशी दोन मैत्रिणींना घेतलं आणि जेवणाच्या हॉलची गेरूने सारवलेली भिंत पांढऱ्या रंगाने भरून टाकली. सरांना सांगितलं नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. नक्षी कुठून घेतली? हायवेवरच्या एका हॉटेलच्या पडद्यावरून. मोबाइलमध्ये फोटो काढून. त्या पडद्यावर जे सगळ्यात भरगच्च दिसत होतं ते तिने निवडलं. चौकोन, त्याला जाळीदार किनारी, मध्ये देवी.

तो लग्नाचा चौक होता.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चौक ही भिंत सजवायची गोष्ट नाही. तो लग्नघरातच लिहितात. हो, लिहितात, काढतात असं म्हणत नाहीत. सवाशिणी लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवीला त्यात बोलावते. चौक लिहिला म्हणजे देवीला आमंत्रण गेलं. आणि आमंत्रण गेलं की लग्न लागलंच पाहिजे. ‘काही नाही, सहज हाक मारली’ असं देवीला सांगता येत नाही.

आणि त्या पंचक्रोशीची धवलेरी कोण? आश्रमशाळेत भात शिजवणारी लखमीकाकी. सरांच्या लग्नातही तीच गायली होती.

काकी सकाळी तांदळाचं पातेलं घेऊन आत आली, भिंत बघितली, आणि पातेलं खाली ठेवलं.

“कोनाचा लगीन हाय?”

हर्षालीला वाटलं कौतुक चाललंय. “आमच्या कोर्सचं, काकी!”

“कोरसची नवरी कोन?”

हर्षाली हसली. काकी हसली नाही. ती तशीच बाहेर गेली आणि पाच मिनिटांत पाड्यावरच्या बाया आल्या. मग त्यांच्या सासवा आल्या. एक आजोबा आले, त्यांनी भिंतीकडे बघितलंही नाही, थेट विचारलं, “ताडीचा कोन बघतंय?” पोरांत बातमी गेली की आज शाळेत लग्न आहे आणि डाळीऐवजी मटण आहे. एक पोरगं नाचायलाच लागलं.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, सरांनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसलेले. नवीन ड्रेस, मान खाली, कोणाशी बोलत नाही. हळूहळू सगळ्या बायांची नजर माझ्यावर आली.

“हीच काय?” एकीने विचारलं.

“डहानूची दिसतंय,” दुसरी म्हातारी म्हणाली. तिने माझं मनगट धरून चाचपलं. “हाडकुली हाय. पन चालंल.”

मी ओरडले, “मी नवरी नाही, मी समाज आहे!”

यावर म्हातारी जे म्हणाली ते छापता येत नाही.

तेवढ्यात सरांची स्कूटर आली. सर आत आले, बाया बघितल्या, आजोबा बघितले, मग भिंत. चष्मा कपाळावरून खाली घेतला. हर्षालीचा चेहरा एव्हाना कागदासारखा झाला होता, कारण काकीने तिला चौक म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं होतं.

“सर, चादर टाकून झाकू या का?” ती कशीबशी म्हणाली.

बायांमध्ये एकदम कालवा उठला. चौक लिहून झाला की लग्नातही तो कापडाने झाकतातच. “झाकला म्हंजे पक्काच झाला!” काकी म्हणाली. “मंग नवरा पन हुडका.”

सरांनी घड्याळ बघितलं. समिती अर्ध्या वाटेवर होती. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने म्हटलं असतं, राहू दे दुपारपर्यंत, पाहुणे जाऊ देत, मग बघू. भिंत भरलेली, कलम भरलेलं, मार्क भरलेले. जशोदा दारात उभी होती, तिलाही ते कळत होतं. ती सरांकडे बघत होती.

सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “शेण आणा. गेरू आणा.”

हाताने सारवायला लागले. मग काकी पुढे झाली, मग बाया, मग जशोदा. देवीपाशी आल्यावर काकीने सरांचा हात धरून बाजूला केला. ती एकटीच पुढे गेली, भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलली. मला एवढंच ऐकू आलं, “आई, पोरीला ठावं नव्हता. रागवू नको. माघारी जा, हाक मारू तवा ये.” आणि स्वतःच्या हाताने पुसलं.

हर्षाली हुंदके देत होती. सर तिच्याजवळ गेले. या वेळी चित्राशी नाही, तिच्याशी बोलले. “रेषा चांगली होती. जागा चुकली. जा, तोंड धू, पाठ घ्यायचाय तुला.”

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा सर शेणाचे हात धूत होते.

समितीत तिघे. अध्यक्ष म्हणून जाकीट घातलेले एक निवृत्त प्राचार्य. एक बाई, त्यांच्या साडीच्या पदरावर वारली माणसं छापलेली, गोल नाचत असलेली. आणि टॅबलेट घेतलेला एक तरुण, जो कलमं वाचायचा आणि टिचक्या मारायचा. चहा झाला. हर्षालीने पाठ घेतला, विषय होता ‘आज शाळेत येताना काय दिसलं?’ पोरांनी काढलं. जेसीबी. टेम्पोत उलट्या टांगलेल्या कोंबड्या. चिकूचे क्रेट. एकीने कंपनीची गाडी काढली, तिच्या खिडकीत झोपलेली बहीण. सगळ्या खिडक्या बंद, तीच एक उघडी.

बाई त्या चित्रावर वाकल्या. “अगं बाई, किती सुंदर!”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “ब्रश!”

बाई दचकल्या. पोरांना कोण आवरणार? हर्षालीसारख्या नवशिक्यांनी सरांचा नियम या शाळेतही आणला होता, आणि पोरांना तो पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का माहीत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने रंगाने बरबटलेल्या ब्रशांची बादली उचलली आणि बाईंच्या हातात दिली. “नळ तिकडं हाय.” बाईंनी ती घेतलीसुद्धा. तरुणाने टिचकी मारली. कुठल्या कलमात, देव जाणे.

अध्यक्ष एका पोरापाशी थांबले. “बाळा, तुमची ती गोल नाचणारी माणसं नाही काढलीस?”

“नाय,” पोरगा म्हणाला.

“का रे?”

“सकाली कोन नाचतंय?”

पोरगा खरं बोलत होता. मग सगळे जेवणाच्या हॉलमध्ये आले, चर्चेसाठी. तरुणाने कलम वाचलं, “स्थानिक कलेशी सांगड. पुरावा?” अध्यक्षांनी सगळीकडे बघितलं. समोर एक मोठी, कोरी, ओली भिंत. शेणाचा वास.

“ही भिंत ओली का आहे?”

“इथे चित्र होतं. पुसलं,” सर म्हणाले.

“वारली चित्र?”

“हो.”

“तुम्ही पुसलंत? आम्ही यायच्या आधी? का?”

सर म्हणाले, “लग्न नव्हतं.”

एवढंच. तरुणाने ते लिहून घेतलं असावं. बाईंनी ब्रशाची बादली खाली ठेवली. मी सरांकडे बघतेय, काकी दारातून बघतेय, हर्षालीचा जीव जातोय. बोला ना सर! अजून चार वाक्यं!

अध्यक्षांनी मान हलवली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, “हे बघा सर, आपण बाहेरून आलेली माणसं. इथल्या लोकांची कला आपल्याला परकी वाटते, मी समजू शकतो. पण तिचा आदर तरी...”

“बाहेरून आलोय खरा,” सर म्हणाले. “उधव्याहून.”

“ते कुठे आलं?”

“जवळच.”

माझ्याच्याने राहवलं नाही. मी उठले. “हा अपमान आहे! तुम्हाला कल्पना तरी आहे का तुम्ही कोणाला...”

“ताई,” अध्यक्ष अत्यंत नम्रपणे म्हणाले, “समाजाची वेळ जेवणानंतर आहे.”

आणि जेवणानंतर समितीची गाडी होती. काकीने वाढलेला डाळभात खाल्ला, तिखट फार आहे म्हणाले, आणि गेले. समाज खुर्चीतच राहिला.

जीप वळली तशी काकी सरांवर तुटून पडली. “तोंडाला टाका घातलेलास काय रं? सांगायचास ना, मी वारली हाय, माझ्या लग्नात या बाईनं चौक गायलाय!”

“आणि मग?” सर म्हणाले. “जात सांगून मार्क घेऊ? वर्ग बघायला आले होते ना? वर्ग बघायचा.”

“तुझा वर्ग बघ. माझी नात बघ!”

सर दुमडलेल्या बाह्या सोडून कफाची बटणं लावत बसले. ते हट्टी होते, आणि त्या दिवशीचा त्यांचा हट्ट मला अजून पटत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण मला सांगा, एका माणसाने चार वाक्यं कमी बोलली हा गुन्हा, की तीन माणसांनी एकही प्रश्न पुढे विचारला नाही हा गुन्हा? ‘लग्न नव्हतं’ असं कोणी म्हणालं तर ‘म्हणजे काय?’ एवढं विचारायला कुठली पदवी लागते?

अहवाल आला. पाठ चांगला, साहित्य पुरेसं नाही, शिस्त चिंताजनक. आणि मग ते वाक्य, जे मी इथे उतरवून ठेवते: प्रशिक्षकांना स्थानिक आदिवासी कलेविषयी आस्था असल्याचे आढळले नाही. यंदा नवीन प्रवेश देऊ नयेत.

मी सरांना फोन करून हे वाचून दाखवलं. मग म्हणाले, “‘आढळले नाही.’ हे मात्र बरोबर लिहिलंय त्यांनी.”

नवीन प्रवेश नाहीत म्हणजे सरांचं कंत्राटही नाही. इथून शिकून बाहेर पडलेली हर्षालीची तुकडी शेवटची. दोन खोल्यांपैकी एकीत आता शाळेच्या सतरंज्या आहेत आणि दुसरीला कुलूप आहे. जिच्या पाटीसमोर सर उभे राहायचे ती बाजारातली चिकूवाली मला विचारते, “तुमचे ते फुकट बघनारे सर कुठं गेले?” सीमेपलीकडे उंबरगावच्या बाजूला एका शाळेत गेले. गुजराती पोरांना चित्रकला शिकवतात. ‘सुंदर’ला तिथेही बंदी असणार. गुजरातीत वेगळा शब्द शोधावा लागला नसेल.

मागच्या महिन्यात झाईच्या स्टॉपवर दिसले. बगलेत पोरांच्या चित्रांची गुंडाळी, बसची वाट बघत. या वेळी धिक्काराची चौकशी केली नाही. मी पिशवीतून निवेदन काढलं. ‘सरांना न्याय द्या’ असा मथळा होता. त्यांनी ते सुलटं धरून, नीट वाचलं. मग परत दिलं.

“माझ्यासाठी मागू नका. मला नोकरी आहे. त्या खोलीचं कुलूप उघडून मागा.” आणि थोड्या वेळाने, “जशोदा काय करते?”

मी सांगितलं. गाडी पहाटे येते, अंधार असतो, संध्याकाळी परत. बापाची अट पाळली जाते, पोर सांजेला घरात दिसते. टाकीवर म्हशी काढत नाही आता, हात दुखतात म्हणते.

बस आली, सर चढले, गुंडाळी खिडकीशी उभी धरली, चुरगळू नये म्हणून. बस गेली.

तर आता तुम्हाला सांगते. विद्यापीठ म्हणतं, लेखी मागणी आली तर फेरविचार करू. मागणी एकच आहे: डहाणू केंद्राचे प्रवेश यंदाच सुरू करा, आणि समिती पुन्हा पाठवा, प्रश्न विचारता येणारी. सरांची बाजू घेऊ नका, त्यांना ते चालणार नाही. विद्यापीठाच्या नावे एका ओळीचं पत्र पुरे. खाली तुमचं नाव, तुमचं गाव. पुढच्या रविवारी नको, वेळ मिळाला की नको. हे पान बाजूला ठेवायच्या आधी लिहा. जशोदाला लिहायला वेळ नाही, तिची गाडी पहाटे येते. तुम्हाला आहे. लिहा.